ॲसिडिटीच्या ऑपरेशनला अकरा वर्षं झाली, आता खरं काय ते लिहितो

हळदवाला

मंडळी, मागच्या महिन्यात इथं एकानं विचारलेलं की हायटस हर्नियाचं (जठर पडद्याच्या भोकातनं वर छातीत सरकतं ते) ऑपरेशन झालेले कुणी आहेत का, पुढं काय झालं. खाली सगळे प्रतिसाद ऑपरेशनला दोन-तीन महिने झालेल्यांचे. दोन महिन्यांत सगळेच खूश असतात वो, मीपण पेढे वाटत फिरत होतो. माझ्या ऑपरेशनला या जूनमधे अकरा वर्षं झाली, म्हटलं आता आपणच लिहावं, चांगलं वाईट दोन्ही. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा. (पित्तवाल्यांनी चहा नको.)

वय ५४, सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. २००८ पासून जळजळ. आपल्याकडं जळजळीला कोण आजार म्हणतंय, मेडिकलमधनं गोळी आणायची नाहीतर थंड दूध प्यायचं. मग एका डॉक्टरांकडं जायला लागलो, त्यांनी पँटोप्राझोल ४० लिहून दिली आणि तीच चिठ्ठी सहा वर्षं चालली. सहा वर्षांत एकदाही दुर्बीण घालून बघू म्हणाले नाहीत, आणि गोळी कधी घ्यायची तेही सांगितलं नाही, त्रास रात्री व्हायचा म्हणून मी आपला जेवण करून झोपताना घ्यायचो. ती सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते हे मला २०१४ ला कळलं. माणूस वाईट नव्हता, गर्दी फार असायची त्यांच्याकडं, पण सहा वर्षं ती सहा वर्षंच.

जळजळ एकवेळ गोळीनं कमी व्हायची, पण घशाशी येणं काही थांबेना. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. गोळी ॲसिड कमी करते, वर येणाऱ्याला अडवत नाही. सासऱ्यांच्या पाया पडायला वाकलो की वरण-भात घशात. चपलेचा पट्टा लावायला बसलो की तेच. रात्री दोन-अडीचला दचकून उठायचो, नाकात आंबट पाणी, मग तासभर खोकला. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवलेल्या, झोपेत घसरत घसरत सकाळी मी पायथ्याला. घरातली म्हणायची, उद्या तुम्हाला खुंटीलाच टांगते.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी केली. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याचं भोक मोठं झालेलं, जठराचा वरचा भाग चार सेंटिमीटर छातीत सरकलेला, अन्ननलिकेला खालच्या बाजूला जखमा, ग्रेड सी (ए सगळ्यात सौम्य, डी सगळ्यात वाईट). सर्जन म्हणाले ऑपरेशन करता येईल, पण आधी अजून दोन तपासण्या. मी म्हटलं दुर्बिणीत दिसलंय की सगळं, आता कशाला खर्च. ते म्हणाले मी आंधळेपणी पोट बांधत नाही. तेव्हा राग आला होता, आज त्या माणसाचे उपकार वाटतात.

पहिली मॅनोमेट्री, म्हणजे नाकातनं नळी घालून अन्ननलिकेचा दाब बघतात, घास खाली ढकलायची ताकद किती आहे ते. दुसरी २४ तासांची पीएच, म्हणजे ॲसिड अन्ननलिकेत किती वर येतं ते मोजतात. तीपण नाकातनं बारीक नळी, गालाला चिकटपट्टी, कमरेला डबी. रोजच्यासारखं वागायचं, रोजचंच खायचं, जळजळलं की डबीवरचं बटण दाबायचं. एप्रिल महिना, हळदीचे सौदे जोरात, रजा कोण देतंय. तसाच नळी घालून यार्डात गेलो. एक तासगावचा शेतकरी बराच वेळ माझ्याकडं बघत होता, शेवटी हळूच म्हणाला, "दिवाणजी, ऑक्सिजनवर हाय म्हणायचं काय?" मी दिवसभरात अठरा वेळा बटण दाबलं. त्यातल्या चौदा वेळा खरंच ॲसिड वर आलेलं निघालं. म्हणजे दुखणं कल्पनेतलं नव्हतं.

मॅनोमेट्रीत अन्ननलिकेची ताकद जराशी कमी निघाली म्हणून पूर्ण ३६० अंशांचा वेढा न घालता २७० अंशांचा घालायचं ठरलं. काय करतात तर जठराचा वरचा सैल भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळून टाके घालतात, आणि पडद्याचं भोक टाके घालून लहान करतात. पोटावर पाच बारीक भोकं. तिसऱ्या दिवशी घरी.

पहिले दोन आठवडे पेज, गाळलेलं वरण, ताक. मग मऊ भात. भाकरी सहा आठवडे नाही. सातव्या आठवड्यात राहवलं नाही, जोंधळ्याची भाकरी आमटीत चुरून खाल्ली, दुसराच घास छातीच्या मधोमध अडकला. खाली जाईना, वर येईना, तोंडाला लाळ सुटलेली, पाणी प्यावं तर तेपण वरच थांबलेलं. पंधरा-वीस मिनिटं न्हाणीघरात उभा. मग आपोआप गेला. तीन-चार महिन्यांत हे बंद झालं, पण घास लहान घ्यायचा आणि चावून चावून खायचा ही सवय कायमची लागली. पंगतीत मी सगळ्यात शेवटी उठतो.

ढेकर साडेतीन महिने आला नाही. वारं वर यायचं बंद झालं की ते कुठं जातं ते सांगायला नको. अडतीवर माझी खुर्ची दाराजवळ हलवली, स्वतःहून.

पण झोप! पहिल्या आठवड्यापासनं सपाट झोपलो. विटा काढून तुळशीच्या कट्ट्याला लावल्या. पाच वर्षं एकपण गोळी नाही.

मग २०१९ चा महापूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर, आमच्या पेठेत तळमजला गेला. आदल्या रात्री मी आणि पोरानं मिळून तांदळाची पोती, शिलाई मशीन, फ्रीज वरच्या मजल्यावर नेला. फ्रीज जिन्यात अडकला तेव्हा खालनं मी रेटला. त्या वेळी काही झालं नाही. तीन-चार महिन्यांनी परत बारीक जळजळ सुरू. २०२१ ला परत एंडोस्कोपी, वेढा जागेवर पण थोडा वर सरकलेला, दोन सेंटिमीटर हर्निया परत, जखमा नाहीत. फ्रीजमुळं झालं का विचारलं तर डॉक्टर म्हणाले असेलही, नसेलही, न उचलणाऱ्यांचंपण सरकतं.

आज परिस्थिती अशी, आठवड्यातनं तीन-चार सकाळी एक गोळी, तीपण २० ची. घशाशी येणं नाही. एक उशी. पाया पडतो सगळ्यांच्या. पोट फुगतं, ते अकरा वर्षं फुगतंयच. परत करशील का म्हणाल तर करीन, पण सहा वर्षं आधी तपासणी करून.

आता तुमचे अनुभव लिहा. पाच वर्षांच्या वरचे जास्त करून.

माणिकचमन

दादा अगदी वेळेवर धागा काढला. मी तासगाव भागातला, वय ३६, द्राक्षबाग आहे. चार वर्षं पँटोप्राझोल चालू, डॉमपेरिडोनवालीपण घेऊन झाली. बागेत खाली वाकून काम केलं की जळजळ. एका ठिकाणी दाखवलं तर एंडोस्कोपी करून लगेच म्हणाले ऑपरेशन करून टाका, पुढच्या आठवड्यात या. पीएच, मॅनोमेट्री काही बोलले नाहीत. रिपोर्टमधे ग्रेड ए लिहिलंय आणि हर्निया लहान. काय करू? आणि ऑपरेशन एकदा केलं की गोळी कायमची सुटते ना?

बंडू_बुधगाव

खुर्ची दाराजवळ हलवली 😂😂 दिवाणजी तुम्ही लेखक व्हायला पायजे होता

जुना_जोगी

हे सगळे आपणच ओढवून घेतलेले आजार आहेत. रात्री अकराला जेवायचं, वर तांबडा रस्सा, मग झोपायचं. आमचे वडील संध्याकाळी सातला जेवत, शतपावली करत, ८८ वर्षे जगले, कधी गोळी नाही. सकाळी आवळा, दुपारी ताक, रात्री ज्येष्ठमध. पोट कापायचं म्हणजे हॉस्पिटलांचा धंदा. गोळ्यांचा तर विचारूच नका.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ, मिरज-सांगली पट्ट्यातच आयुष्य गेलं. सर्जन नाही, त्यामुळे ऑपरेशन विकायचं कारण नाही, पण डोक्याशी उभं राहून या शस्त्रक्रिया खूप बघितल्यात. आम्हाला रिफ्लक्सचा (पोटातलं वर येण्याचा) पेशंट म्हटलं की धडकीच असते, भूल देताना पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जायची भीती.

माणिकचमन, तुमचा शेवटचा प्रश्न आधी. नाही, कायमची सुटतेच असं नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या इस्पितळांमधला एक जुना अभ्यास आहे, २००१ मधे छापला गेला. पोट उघडून ऑपरेशन केलेल्यांना दहा-तेरा वर्षांनी शोधून विचारलं तर ६२% लोक परत नियमित गोळ्या घेत होते. हा आकडा ऐकून बरेच जण म्हणतात मग कशाला करायचं. पण दोन गोष्टी. एक, ते दुर्बिणीचं ऑपरेशन नव्हतं, निस्सेन नावाच्या सर्जननी हा वेढा १९५५ ला घातला आणि दुर्बिणीतून तो १९९१ पासून घालायला लागले. दुसरं, परत गोळी चालू झाली म्हणजे वेढा सुटला असं धरू नका. अशा लोकांची पीएच तपासली की बऱ्याच जणांचं ॲसिड नॉर्मल निघतं. पोट जड वाटलं, ढेकर अडला, कुणीतरी सवयीनं गोळी लिहिली, चालू झाली.

दुर्बिणीच्या काळातला आकडा स्वीडनचा आहे, २०१७ चा. २६५५ पेशंट, सरासरी पाच वर्षं पाठपुरावा, १७.७ टक्क्यांना रिफ्लक्स परत आला. त्यातले बहुतेक गोळ्यांवर गेले, दुसरं ऑपरेशन लागलेले त्या परत आलेल्यांतले साधारण १६%. बायका, वय जास्त असलेले आणि इतर आजार असलेले यांच्यात परत यायचं प्रमाण जास्त दिसलं.

आणि हळदवाल्यांनी जो फरक सांगितला ना जळजळ आणि घशाशी येणं, तो अगदी बरोबर. युरोपात ११ देशांत ५५४ जणांवर केलेली चाचणी आहे, अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना दुर्बिणीचं ऑपरेशन. ५ वर्षांनी गोळीवाल्यांत ९२% आणि ऑपरेशनवाल्यांत ८५% लोकांचा आजार काबूत. म्हणजे गोळी नीट घेतली तर ती कमी नाही. पण घशाशी येण्याचा त्रास गोळीवाल्यांत १३%, ऑपरेशनवाल्यांत २%. याच्या उलट पोट फुगणं २८ विरुद्ध ४०, आणि गिळताना अडकणं ५ विरुद्ध ११. एक त्रास देऊन दुसरा घ्यायचा व्यवहार आहे हा, कुठला परवडतो ते आपलं आपण बघायचं.

जोगीकाका, सातला जेवायचं आणि झोपायच्या आधी तीन तास काही खायचं नाही हे शंभर टक्के बरोबर. डाव्या कुशीवर झोपणंही. पण आवळ्यानं पडद्याचं भोक बुजत नाही.

हळदवाला

मॅडम, अकरा वर्षांत एवढं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं. ते ६२% वालं कुठंतरी वाचून मी २०२१ ला रात्रभर झोपलो नव्हतो.

सुनंदा_सातारा

माझा अनुभव चांगला नाही, पण लिहिते, कारण धाग्यात नुसतं कौतुक नको. ऑपरेशन आईचं, तेव्हा वय ६४, आता ६८. तिला मोठा हर्निया होता, दम लागायचा, रक्त कमी झालेलं. ऑपरेशननंतर दम गेला, रक्त वाढलं, ते खरं. पण गिळायचा त्रास पहिल्या दिवसापासून. चपाती बंद, मऊ भातसुद्धा कधी कधी अडकतो. आठ महिन्यांनी दुर्बिणीतून फुगा घालून ती जागा रुंद केली, दोनदा. आता भाकरी दुधात भिजवून जाते.

खरं वाईट झालं ते वेगळंच. मागच्या वर्षी एका लग्नातलं जेवण सगळ्यांनाच बाधलं. घरात सगळे ओकले आणि तासा-दोन तासांत मोकळे झाले. आईला उलटी होईचना. नुसते उमाशांवर उमासे, पोट दगडासारखं, घामाघूम, तिला वाटलं आता संपलं. रात्री एक वाजता नेलं, तिथं नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं तेव्हा कुठे तिचा जीव खाली पडला. ऑपरेशननंतर उलटी होत नाही हे आम्हाला आधी कुणीही सांगितलं नव्हतं. सही घेताना चार पानं होती, त्यात असेल कुठेतरी बारीक अक्षरात. कोण वाचतं हो त्या वेळेला?

आई म्हणते दम परवडला. मी म्हणते दम नसता परवडला. पण भोगतेय ती.

भूलवाली

सुनंदाताई, वाईट वाटलं वाचून. उलटी न होणं, ढेकर न येणं हे पूर्ण ३६० च्या वेढ्यात जास्त दिसतं, बऱ्याच जणांत काळानं सैल पडतं, सगळ्यांत नाही. आईंच्या कागदांत एक ठळक चिठ्ठी कायम ठेवा की हे ऑपरेशन झालंय, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्याही इस्पितळात गेलात तर नळीचा विचार लगेच होईल.

मोठ्या हर्नियाचं अजून एक. तिथं परत सरकायचं प्रमाण खूप असतं. अमेरिकेतल्या एका चाचणीत निम्म्या पेशंटना भोकाला जैविक जाळी लावली, निम्म्यांना नुसते टाके. सहा महिन्यांनी जाळीवाले चांगले दिसले, पाचेक वर्षांनी फोटो काढले तर जाळीवाल्यांत ५४ आणि टाकेवाल्यांत ५९ टक्क्यांना हर्निया परत. म्हणजे फरक काही राहिला नाही. पण गंमत बघा, त्यातल्या बहुतेकांना त्रास असा नव्हता. फोटोत हर्निया आणि माणूस मजेत. तेव्हा नुसता रिपोर्ट बघून घाबरायचं नाही, आणि नुसता रिपोर्ट बघून परत ऑपरेशनपण करायचं नाही. दुसऱ्यांदा केलेलं पहिल्याइतकं चांगलं लागत नाही.

किलोकिलोनं

माझं वजन ११८. जळजळ आहेच. वजनाचं ऑपरेशन करायचं चाललंय, तिथले म्हणतात स्लीव्ह करा, ॲसिडिटीपण जाईल. खरं का?

भूलवाली

सावकाश. स्लीव्हमधे जठराची नळी करतात, त्यात रिफ्लक्स वाढू शकतो, नव्यानंही सुरू होतो. रिफ्लक्स जोरात असलेल्या जाड पेशंटला जठराचा बायपास (जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडतात) जास्त बरा पडतो, त्यात ॲसिड वर यायला जागाच फारशी राहत नाही. तुमच्या सर्जनना सरळ विचारा की बायपास का नको. उत्तर देताना चिडले तर दुसरा सर्जन बघा.

वाटसरू_न्यूजर्सी

मूळ गाव मिरज, सध्या न्यूजर्सी. धाकट्या भावानं २०१८ मधे इकडे ती चुंबकाची अंगठी बसवून घेतली, अन्ननलिकेभोवती टायटॅनियमच्या मण्यांची माळ, मण्यांत लोहचुंबक. घास आला की मणी लांब होतात, मग परत चिकटतात. इथे २०१२ पासून परवानगी आहे. त्याला ढेकर येतो, उलटीपण होते. पण पहिले काही महिने त्याला दर एक-दोन तासांनी दोन घास घट्ट काहीतरी खायला सांगितलेलं, नाहीतर माळेभोवती वण आवळून बसतो. ऑफिसच्या मीटिंगमधे सांगलीचं भडंग खात बसायचा, बायकोनं बॅगेतून नेलेलं. आणि एमआरआय करायचा झाला की आधी सांगावं लागतं, कुठल्याही मशिनमधे चालत नाही. सात वर्षं झाली, गोळी नाही. पण सात वर्षंच, पुढचं पुढे.

जुना_जोगी

लोहचुंबक! आता हेच राहिलं होतं.

बंडू_बुधगाव

माझंपण एक ऐका, विषयाला धरून आहे. आमच्या मेहुण्याला दोन दिवस जळजळ, डाव्या हाताला मुंग्या, घाम. पित्त म्हणून सोडा पीत बसला. तिसऱ्या दिवशी ईसीजी काढला तर हार्ट. वाचला नशिबानं. त्यामुळं ज्यांचं वय चाळीसच्या पुढं आणि चालताना जिना चढताना जळजळतंय त्यांनी आधी ईसीजी, मग बाकीचं.

हळदवाला

बंडू हे चांगलं लिहिलंस. मलापण ऑपरेशनच्या आधी हार्टची सगळी तपासणी करायला लावलेली.

माणिकचमन, तुमच्याकडं परत येतो. ग्रेड ए, लहान हर्निया, पीएच नाही, मॅनोमेट्री नाही, आणि पुढच्या आठवड्यात या? मी असतो तर गेलो नसतो. आधी सांगा गोळी कधी घेता.

माणिकचमन

रात्री झोपताना 🙏

हळदवाला

आलं लक्षात. उद्यापासनं सकाळी, चहाच्या आधी.

भूलवाली

याच्यावरच एक अभ्यास आहे, २०१९ चा, तोही अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर. गोळीनं जळजळ जात नाही म्हणून ३६६ जण आले. आधी सगळ्यांना ओमेप्राझोल २० दिवसातून दोनदा, नीट जेवणाआधी, दोन आठवडे काटेकोर घ्यायला लावली. ४२ जण तेवढ्यानंच बरे झाले. मग बाकीच्यांच्या एंडोस्कोपी, मॅनोमेट्री, पीएच. ९९ जणांची जळजळ ॲसिडची नव्हतीच, नसांच्या हळवेपणाची होती. २३ जणांत भलताच आजार. गळत गळत शेवटी ७८ राहिले, ज्यांची जळजळ खरोखर रिफ्लक्सची होती. त्यांच्यात मात्र ऑपरेशन केलेल्यांपैकी ६७ टक्क्यांना वर्षभरानंतर चांगला गुण, औषधं वाढवलेल्यांत २८ टक्क्यांना. म्हणजे ऑपरेशन चांगलंच, पण ३६६ मधल्या ७८ जणांसाठी. तुम्ही ७८ मधे की बाकीच्यांत, हे एंडोस्कोपी एकटी सांगत नाही. ग्रेड ए तर धडधाकट माणसांतही सापडते.

आणि मॅनोमेट्री न करता वेढा घातला आणि नंतर कळलं की अन्ननलिकेचा खालचा दरवाजाच उघडत नाही, अकॅलेशिया आहे, तर घास जायचीच पंचाईत. असं झालेलं मी ऐकलंय, बघितलंय म्हणत नाही.

सुनंदा_सातारा

मॅडम एक विचारायचं होतं. आईच्या एंडोस्कोपीत बॅरेट असं पण लिहिलेलं, म्हणजे ॲसिडनं अन्ननलिकेचं आतलं अस्तर बदलतं ते, त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो म्हणतात. ऑपरेशन झालं म्हणजे कॅन्सरची भीती गेली ना?

भूलवाली

नाही ताई. ऑपरेशन केलेल्यांत कॅन्सर कमी होतो असं ठामपणे दिसलेलं नाही. बॅरेट असेल तर ठरलेल्या वेळी एंडोस्कोपी चालूच ठेवायची, त्रास असो नसो. कधी करायची ते त्यांच्या पोटविकारवाल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सुनंदा_सातारा

हे पण कुणी सांगितलं नव्हतं. थँक यू.

हळदवाला

धागा वर काढतोय. माणिकचमन, दोन महिने झाले, कुठं आहात?

माणिकचमन

आहे आहे. छाटणीची तयारी चालली होती, वेळच नाही.

सांगतो काय झालं. सकाळची गोळी महिनाभर नीट घेतली, जळजळ निम्म्यानं कमी. पण वाकलं की घशाशी येणं तसंच. मग मिरजेला दुसरीकडं दाखवलं, तिथं दोन्ही तपासण्या केल्या. नळी घालून बागेत गेलो, मजूर बायका हसून हसून पडल्या, एक म्हणाली मालकांना सलाईन नाकातनं लावलंय. मी तुमची ऑक्सिजनवाली गोष्ट सांगितली.

रिपोर्ट असा, मॅनोमेट्री नॉर्मल. पीएचमधे २४ तासांतला साडेआठ टक्के वेळ ॲसिड वर. ते म्हणाले सहाच्या वर गेलं की पक्का रिफ्लक्स. म्हणजे मी ७८ वाल्यात निघालो. ग्रेड ए असून. सर्जन म्हणाले घाई नाही, गोळी चालू असली की जखम होत नाही, पण घशाशी येणं जाणार नाही गोळीनं, तुमचं तुम्ही ठरवा. ढेकर, उलटी, फुगणं, परत गोळी लागू शकते हे सगळं त्यांनी स्वतःहून सांगितलं, सुनंदाताईंच्या आईचं मी त्यांना सांगितलं तर म्हणाले २७० चा घालू.

आता ऑक्टोबर छाटणी तोंडावर. माल मार्चपर्यंत जाईल. मग मार्चच्या शेवटी करायचं म्हणतोय, पण लगेच एप्रिलमधे खरड छाटणी येते. दादा तुम्ही सांगा, फवारणीचा पाठीवरचा पंप किती दिवस घेता येणार नाही? ब्लोअर आहे पण कडेच्या ओळींना पंपच लागतो.

हळदवाला

मला सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही असं सांगितलेलं, आणि खोकला, बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही, कुंथायचं नाही. पंप भरलेला पंधरा-सोळा किलोचा होतो. मे संपेपर्यंत भावाच्या पाठीवर द्या.

आणि घरात फ्रीज वरच्या मजल्यावर न्यायचा असेल तर आत्ताच नेऊन ठेवा.

माणिकचमन

भाऊ पुण्याला असतो वो. मेहुण्याला सांगून बघतो.